कोड पुसण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, यवतमाळ. १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि आपण’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी संगणकावरच बोलणार आहे, पण तो टेबलावरचा नाही, गाडीच्या बॉनेटखालचा. आणि शेवटी मला एकाची माफी मागायची आहे. तो इथेच बसलाय. शाळेत बसायचा तसाच, मागच्या ओळीत, पंख्याखालची जागा धरून. नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. आपल्या वर्गातला तो एकटाच आहे ज्याच्या हाताला अजूनही ऑइल लागतं.

आपण दहावीला बसलो ते १९९६ साल. त्याच वर्षापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारमध्ये ओबीडी-टू नावाची पद्धत सक्तीची झाली. कंपनी कुठलीही असो, स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असणार आणि बिघाडाचे कोड सगळ्यांना वाचता येतील असे असणार. आपल्याकडे याचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये बीएस-फोरबरोबर आला आणि ओबीडी-टू एप्रिल २०१३ पासून.

त्याच्या आधीच्या वेगवान गाड्या आठवा. फियाटची पॅलिओ १.६, किंवा तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातली ऑक्टाव्हिया आरएस. नोकरीला नवीन लागलेली आपली पोरं या गाड्यांमागे वेडी होती. मीही होते. तेव्हा परवडली नाही. म्हणून पुढे पुण्यात त्याच काळातली एक टर्बो पेट्रोल गाडी जुनी घेतली. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. एवढ्या वर्षांनी रबर तडकणारच.

अशा गाडीचा कोड वाचायचा कसा? समजा, ‘पी ०१७१’ आला. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा भाग. त्यानंतरचं शून्य म्हणजे कोड सर्वांसाठी सारखा. तिथे एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा. पुढचा एक म्हणजे हवा-पेट्रोलचा हिशेब. तिथे तीन असता तर ठिणगीची आणि मिसफायरची तक्रार. ‘०१७१’ चा अर्थ एवढाच, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय.

यात कुठला भाग खराब आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. मी मात्र ते वाचलं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आईकडे आले होते. आपल्या मित्राच्या गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग केली: एअर फिल्टर, प्लग, ऑइल. दोन दिवसांनी पिवळा दिवा लागला. मी पर्समधून स्कॅनर काढला, मोबाइलला जोडला, कोड आला पी ०१७१. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते सांगतो. ‘पेट्रोल कमी’ ही तक्रार त्याच्यामार्फत आली, म्हणून मी ठरवलं की तोच खराब. आणि तो खराब कसा झाला? सर्व्हिसिंगमध्ये धक्का लागला असणार.

मी तडक गॅरेजमध्ये गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाले, “हात लावण्याआधी वायर तरी बघायची होतीस. हे स्कूटरचं काम नाही.”

तो एवढंच म्हणाला, “तुह्यं मशीन सांगते पोट दुखते म्हनून. काय खाल्लं थे कोन इचारन?”

मला तो टाळाटाळ करतोय असं वाटलं. नागपूरहून सेन्सर मागवला, साडेसहा हजार गेले. दुसऱ्या मिस्त्रीकडून बसवला, कोड पुसला. दिवा गेला. मी खूश.

दिवा गेला याचं कारण मी कोड पुसला होता, एवढंच. हा बिघाड एका फेरीत दिसला की संगणक मनात नोंद ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की दिवा लावतो. चौथ्या दिवशी सकाळी दिवा परत आला. त्याच दिवशी आईला डोळे दाखवायला नागपूरला न्यायचं होतं. तिला काळजी नको म्हणून ती गाडीत बसायच्या आधी मी कोड पुन्हा पुसला.

कोडबरोबर मी आणखी दोन गोष्टी पुसल्या. एक, बिघाडाच्या क्षणाचं टिपण: इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, किती भार होता. दुसरं, संगणकानं शिकून ठेवलेली भरपाई. हवा जास्त येतेय म्हटल्यावर तो बिचारा रोज थोडं जास्त पेट्रोल टाकून गाडी सांभाळत होता. मी त्याची शिकवणी शून्यावर आणली.

कळंबच्या अलीकडे गाडी आचके देऊ लागली आणि दिवा लुकलुकायला लागला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: स्थिर दिवा म्हणजे लवकर दाखवा, लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय, गाडी थांबवा. मी थांबवली. मे महिना, सकाळचे साडेदहा, आई बहात्तर वर्षांची. ऑटोनं तिला कळंबला चिंतामणीच्या देवळात नेऊन बसवलं आणि फोन लावला. कुणाला? ज्याला चार माणसांत बोलले होते त्यालाच. दुसरं कोण होतं?

तो तासाभरात मोटरसायकलवर आला. आधी आईला पाण्याची बाटली दिली, मग माझ्याबरोबर गाडीपाशी आला. पहिला प्रश्न, “कोड पुसला का?” मी मान हलवली. तो काही बोलला नाही. माझाच स्कॅनर घेतला आणि कोडकडे न बघता फ्युएल ट्रिम उघडलं, म्हणजे संगणक किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा. गाडी जागेवर चालू असताना बावीस टक्के. रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर नेली, तर सहा टक्के.

आता हे गणित बघा. पंप किंवा फिल्टर अडला असता, तर जास्त पेट्रोल लागतं तेव्हा आकडा वाढला असता. इथे उलट होतं. म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येत होती. जागेवर चालताना इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा फार ठरते. रेस दिली की त्याच चोरीचा वाटा किरकोळ होतो. त्यानं रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनवरून फिरवलं. एका जागी थांबला. मॅनिफोल्डच्या खाली जाणारा ब्रीदरचा पाइप बोटांनी दाबला, तसा इंजिनाचा आवाज स्थिर झाला आणि आकडा उतरू लागला. पाइपाला खालच्या बाजूनं, वरून दिसणार नाही अशी चीर होती. टर्बो गाडीत हवा कधी ओढली जाते, कधी दाबून भरली जाते, वर ऑइलची वाफ. रबर किती दिवस टिकणार? तात्पुरतं बांधून त्यानं गाडी यवतमाळला आणली. नवा पाइप सातशे रुपयांना आला.

तरीही मनात एक किंतु होता, चीर सर्व्हिसिंगमध्येच पडली असेल तर? पुण्याला गेल्यावर लॅपटॉप उघडला. मला प्रत्येक प्रवासाची नोंद साठवायची सवय आहे. सर्व्हिसिंगच्या तीन आठवडे आधीच्या नोंदीत जागेवरचा आकडा चौदा टक्के होता. चीर माझ्याबरोबरच पुण्याहून आली होती. पुरावा माझ्याकडेच होता, आणि मी तो न उघडता निकाल दिला होता.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरर ज्या ओळीवर दिसते त्या ओळीवर चूक असतेच असं नाही, हे मी नव्या मुलांना रोज सांगते. ते मला आधी आपल्या गणिताच्या सरांनी सांगितलं होतं: उत्तर चुकलं तर शेवटची ओळ खोडू नका, वरच्या ओळी तपासा. सर, मी शेवटची ओळ खोडली. तीही दोनदा.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एवढं करा. कोड आला की आधी कागदावर उतरवा, टिपण उतरवा, मग मिस्त्रीकडे जा. भाग बदलायच्या आधी आकडे बघा. पुसायचं ते दुरुस्तीनंतर.

आणि मित्रा, मी तुझी माफी फोनवर मागितली होती. तू “जाऊ दे नं” म्हणून विषय बदललास. पण बोलले होते चार माणसांसमोर. म्हणून आज या सगळ्या सभागृहासमोर सांगते: चूक माझी होती, तुझ्या हाताची नव्हती. आईनं तुला जेवायला बोलावलंय. गाडी बाहेर उभी आहे, दिवा बंद आहे, आणि या वेळी मी काही पुसलेलं नाही.