गोड आंकडा आणि खरा आंकडा

डिजिटल व्यवसायांतील मोजदाद या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संगणकाची विद्या मला उतारवयांत, आणि तीही सुनेकडून, थोडीफार मिळाली. परंतु ३८ वर्षें मीं शाळेचा हजेरीपट भरला आहे, आणि डोकीं मोजण्याचें सोपें दिसणारें काम खरेपणानें करणें किती अवघड असतें, याचा धडा मला त्या पटानेंच दिला. तेवढ्याच अधिकारावर आज चार शब्द बोलणार आहें.

माझ्या उमेदवारीच्या काळांतील एका खेड्याच्या शाळेंत दिवाळीनंतर वर्गांत ३० मुलें बसत आणि पटावर ३८ हजर लागत. तपासणीस येणारे साहेब तो आंकडा पाहून संतुष्ट होत. उरलेलीं ८ मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलीं असत. त्यांची चौकशी कोणीच करीत नसे; कारण कागदावर तीं हजर होतीं. खोट्या आंकड्याचा मोठा अपाय तो हाच कीं, जेथें लक्ष पुरवावयास हवें, नेमकी तेथूनच तो आपली नजर दूर नेतो. असो. आतां मूळ विषयाकडे वळूं.

माझी सून पुण्यास घरगुती फराळाचा व्यवसाय करते. तिला पेठेंत दुकान नाहीं. एक संकेतस्थळ आहे. लोक तेथें येतात, चकल्या, चिवडा, लाडू पाहतात, आणि त्यांतील थोडे डबा मागवितात. येणाऱ्यांपैकीं शेंकडा किती जणांनीं खरोखर खरेदी केली, या प्रमाणास त्या धंद्यांतील लोक ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. आपण त्यास पाहुण्याचें गिऱ्हाईक होणें म्हणूं. १००० पाहुणे आले आणि २० जणांनीं खरेदी केली, तर प्रमाण शेंकडा २. गणित शाळकरी मुलाचें आहे. परंतु अंश कोणता आणि छेद कोणता, हें ठरवितांना भले भले चुकतात.

गेल्या वर्षीं श्रावणांत सुनेनें जाहिरातीवर प्रथमच भारी रक्कम खर्चिली. महिनाअखेर जाहिरात कंपनीचा तक्ता आला: जाहिरातीमुळें १२० मागण्या. तिचा आनंद गगनांत मावेना. दिवाळीसाठीं जाहिरात तिप्पट करावी, त्याकरितां हातांतल्या पाटल्या गहाण ठेवाव्या, आणि सोसायट्यांतून पत्रकें वाटून मागण्या आणणाऱ्या मावशींना कामावरून कमी करावें, असा तिचा बेत ठरला. “बाबा, जाहिरातच सगळें करते आहे, मग मावशींचा पगार कशाला?” असें ती म्हणाली. मीं इतकेंच विचारलें, “मुली, पैसे किती डब्यांचे आले?” तिनें वही उघडली. पैसे आले होते अवघ्या ७४ डब्यांचे.

दोन रात्री आम्ही सासरा-सून तो तक्ता आणि ती वही समोरासमोर ठेवून एकेक ओळ ताडीत बसलों. जें निघालें तें सांगतों. कारण तें कोणत्याही लहान व्यापाऱ्याच्या घरीं निघण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट दुबार नोंदीची. खरेदी पुरी होतांच ‘आभारी आहोंत’ असें पान उघडतें, आणि त्या पानांत बसविलेली लहानशी आज्ञावली जाहिरात कंपनीस ‘एक खरेदी झाली’ अशी खबर देते. आतां आपला डबा कोठवर आला हें पाहण्यासाठीं गिऱ्हाईक तेंच पान पुन्हां उघडी, आणि तक्त्यांत आणखी एक खरेदी मांडली जाई. अशा ३१ नोंदी निघाल्या. उपाय सोपा आहे. शाळेंत मुलास जसा पटक्रमांक, तसा प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक असावा आणि तो खबरेबरोबर जावा. तोच क्रमांक पुन्हां आला तर मोजणारी व्यवस्था तो सोडून देते.

दुसरी गोष्ट परत आलेल्या मालाची. डबा दारांत आल्यावर पैसे देऊं, असें म्हणणाऱ्यांपैकीं २१ जणांनीं मागणी रद्द केली किंवा डबा दारांतूनच परत धाडला. वहींत त्यांचा पैसा नव्हता. तक्त्यांत मात्र त्या विक्रीच होत्या. मागणी म्हणजे विक्री नव्हे. पैसे हातीं पडल्यावरच विक्री मांडावी, हा आजोबांच्या काळच्या किराणा दुकानाचा नियम येथेंही तितकाच लागू आहे.

तिसरी गोष्ट उलट प्रकारची. ६ खऱ्या विक्री तक्त्यांत मुळीं नव्हत्याच. यूपीआयनें पैसे देणारें गिऱ्हाईक संकेतस्थळ सोडून पैशाच्या ॲपमध्यें जातें, पैसे भरतें, आणि पुष्कळदां तेथूनच फोन खिशांत टाकतें. आभाराचें पान उघडतच नाहीं. म्हणून ही खबर गिऱ्हाइकाच्या फोनवर अवलंबून न ठेवतां, पैसे जमा होतांच आपल्याच सर्व्हरनें पाठवावी, हें उत्तम.

१२० मधून ३१ आणि २१ गेले, ६८ राहिले. त्यांत ६ मिळविले, ७४ झाले. हिशेब जुळला. परंतु मावशींचा प्रश्न अद्याप उरलाच होता. त्यांच्या पत्रकावर सवलतीचा एक खुणेचा शब्द छापलेला असे. ७४ पैकीं २६ गिऱ्हाइकांनीं तो शब्द घातला होता, आणि त्यांतील २३ जणांची खरेदी तक्त्यानें जाहिरातीच्या नांवें मांडली होती! कारण कंपनीचा नियमच असा कीं, ज्यानें जाहिरात नुसती डोळ्यांखालून घातली आणि एका दिवसाच्या आंत खरेदी केली, तीही खरेदी जाहिरातीचीच समजावी. नियम लपविलेला नव्हता. आम्ही वाचला नव्हता. ज्याला श्रेय मिळाल्यानें पैसा मिळतो, त्याच्याच हातीं श्रेयाचें माप दिलें, कीं असें व्हावयाचेंच.

जाहिरातीचा कांहींच उपयोग नव्हता, असें मी म्हणत नाहीं. तो किती, हें ताडण्याचा एक चांगला मार्ग असा: शहराच्या कांहीं भागांत जाहिरात बंद ठेवावी, कांहीं भागांत चालूं ठेवावी, आणि दोहोंकडील मागण्यांची तुलना करावी. आम्ही पंधरा दिवस तसें केलें. बंद भागांत मागण्या घटल्या खऱ्या. परंतु तक्त्यावरून वाटत होतें तितक्या मुळींच घटल्या नाहींत. एकाच गोष्टीची दोन स्वतंत्र मापें घेऊन तीं ताडून पाहणें ही युक्ति नवी नाहीं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं नमुना-पाहणीसाठीं एकाच प्रदेशांतून दोन स्वतंत्र नमुने निराळ्या तुकड्यांकडून घेवविण्याची पद्धत घालून दिली, ती याच हेतूनें.

छेदाची चूक किती थोर घरींही होते, याचा दाखला २०१६ सालचा आहे. फेसबुकनें त्या वर्षीं कबूल केलें, कीं चलच्चित्रें लोक सरासरी किती वेळ पाहतात, याचा आंकडा आपण दोन वर्षें फुगवून सांगत आलों. पाहण्याचा एकंदर वेळ त्यांनीं सर्व पाहणाऱ्यांनीं भागावयाचा, तो तीन सेकंदांहून अधिक काळ थांबलेल्यांनींच भागला. छेद लहान झाला, सरासरी मोठी झाली. माझ्या वर्गांतील एखाद्या मुलानें असें केलें असतें, तर मीं त्यास उदाहरण पुन्हां करावयास लावलें असतें. आमचा छेदही निर्मळ नव्हता: आपोआप फिरणारीं यंत्रें आणि दिवसांतून दहा वेळां संकेतस्थळ उघडून पाहणारे आम्ही घरचेच लोक पाहुण्यांत मोजले जात होतों.

येथें एक सावधगिरीचा शब्द. बिनचूक मोजावयाचें म्हणून दुसऱ्याच्या घरांत डोकावावें, असें कोणी समजूं नये. २०२१ च्या एप्रिलपासून ॲपलच्या फोनवर, माणसाचा ॲपॲपांतून माग काढण्यापूर्वीं त्याची परवानगी विचारावी लागते. आपल्या देशांतही २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम झाला. संमति घेऊन माहिती घ्यावयाची तर ती सांगितलेल्या कामापुरतीच घ्यावी, हें त्याचें एक तत्त्व. कित्येक लोक नकार देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यामुळें मोजणींत भोंकें पडतात, तीं जाहिरात कंपन्या अंदाजानें भरतात. अंदाज करावा, परंतु अंदाजास मोजणी म्हणूं नये. डबा पोंचविण्यास नांव, पत्ता आणि फोन पुरतो. जन्मतारीख कशास हवी? सुनेनें ती विचारणें आतां बंद केलें आहे.

पाटल्या हातांतच राहिल्या. जाहिरात थोडी वाढविली, तिप्पट केली नाहीं. मावशी कामावर आहेत, आणि यंदा त्यांच्या पगारांत वाढ झाली. सुनेच्या वहींत आतां दर शनिवारीं तीन ओळी असतात: तक्ता काय म्हणतो, वही काय म्हणते, आणि दोहोंत अंतर कां. तिसऱ्या ओळीस वेळ लागतो. परंतु सारें शहाणपण त्या ओळींतच आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. आरंभीं ज्या शाळेचें सांगितलें, तेथील पटावर त्या ८ मुलांची हजेरी मांडणारा हात माझाच होता. वरिष्ठांची मर्जी, नवी नोकरी, अशीं कारणें पुष्कळ देतां येतील. पण त्या मुलांपैकीं कितीजण शाळेंत परतले, हें सांगणारा कागद आज कोठेंही नाहीं, कारण तीं गेल्याचीच नोंद मीं केली नव्हती. म्हणून त्या रात्रीं १२० चा आंकडा पाहून मला आनंदाऐवजीं धास्ती वाटली. श्रोते हो, आपल्या घरीं, दुकानीं, कचेरींत असा एखादा गोड आंकडा आला, तर त्याचें स्वागत करण्यापूर्वीं एकदां उठून वर्गांतील डोकीं मोजा, एवढीच विनंति.