शेवटचा पंधरवडा



आठ-नऊ महिने पहाटे साडेचारला उठून पोहणारा, सायकल मारणारा, पळणारा माणूस शर्यत पंधरा दिवसांवर आली की बिथरायला लागतो. प्रशिक्षक म्हणून दर मोसमात हे मी पाहतो. लांब पल्ले पार पडलेले असतात, दुखापत नसते, सरावाची वही भरलेली असते. तरी त्याला वाटतं, आपलं काहीतरी राहून गेलंय. मग एका रविवारी तो कुणाला न सांगता दीडशे किलोमीटर सायकल मारून येतो आणि शर्यतीच्या दिवशी दमलेले पाय घेऊन रेषेवर उभा राहतो. मेहनतीत कमी पडलेले खेळाडू मी पाहिले आहेत. पण या शेवटच्या दिवसांत स्वतःचं नुकसान करून घेतलेले त्याहून जास्त पाहिले आहेत. म्हणून आज तेवढ्याच दिवसांबद्दल बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पंधरवड्यात ताकद वाढत नाही. आहे ती ताजी ठेवायची असते. आणि त्याहून मोठं काम म्हणजे, शर्यतीच्या दहाव्या-बाराव्या तासाला जे निर्णय घ्यावे लागतील ते आत्ताच, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना, घेऊन ठेवायचे. त्या तासाला माणसाचं डोकं चालत नाही. साधी वजाबाकी जमत नाही. हे काम फार थोडे जण करतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी आकडे सांगतो. आयर्नमॅन अंतराची शर्यत म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं. सगळं एका दिवसात, मध्ये झोप नाही, साधारण १७ तासांच्या आत. आपल्याजवळ गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून जी शर्यत होते ती याच्या निम्मी: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. महाराष्ट्रातले बरेच जण पहिल्यांदा तिथे उतरतात आणि मग पूर्ण अंतरासाठी परदेशी जातात.

पूर्ण अंतराची पहिली शर्यत हवाईच्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झाली. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांची ती कल्पना. पोहणारा दमदार, सायकलवाला दमदार की पळणारा, या वादाचा निकाल लावण्यासाठी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं त्यांनी एकापुढे एक जोडली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन जिंकले. पण पळायला सुरुवात झाली तेव्हा पुढे होते जॉन डनबार. त्यांच्याबरोबरच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी डनबारना प्यायला बिअर दिली. डनबार अर्ध्या तासाहून अधिक मागे पडून दुसरे आले. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच दिवशी निकालात पायांइतकाच वाटा बाटलीत काय आहे याचा होता. आजही घोडं तिथेच पेंड खातं.

आता सराव कमी करण्याबद्दल. आमच्या भाषेत याला टेपर म्हणतात. लोकांना वाटतं टेपर म्हणजे आराम. तसं नाही. लॉरेंट बॉस्के, इनिगो मुहिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावरच्या २७ अभ्यासांचा एकत्र विचार केला. सगळ्यात जास्त फायदा दिसला तो साधारण दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये, आणि त्यातही सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी केलं पण जोर आणि आठवड्यातली सत्रं तशीच ठेवली तेव्हा. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रोज उठायचं, रोज बाहेर पडायचं, शर्यतीच्या वेगाचे छोटे तुकडे करायचे, पण निम्म्या वेळात घरी यायचं. पूर्ण बंद केलंत तर अंग जड पडतं. पूर्ण चालू ठेवलंत तर थकवा उतरत नाही. शर्यतीआधीच्या आठ दिवसांत मारलेल्या लांब राइडचा फायदा शरीराला मिळेपर्यंत शर्यत होऊन गेलेली असते. थकवा मात्र त्याच दिवशी मिळतो.

या दिवसांत कधी गुडघा दुखतो, कधी घसा खवखवतो, कधी पोटरीत काहीतरी ओढल्यासारखं होतं. त्यातलं बरंचसं आधीही होतं, पण थकव्याखाली दबलेलं होतं. आता रिकामा वेळ आहे म्हणून जाणवतं. खरंच ताप असेल तर डॉक्टरकडे जा. नुसती हुरहूर असेल तर घरच्यांनी फक्त ऐकून घ्यावं, उपाय सुचवू नयेत. नवा मालिशवाला नको, नवे बूट नकोत आणि कुणीतरी सांगितलेली नवी गोळी तर मुळीच नको.

खाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. स्वीडनमधल्या बर्गस्ट्रोम, हुल्टमन आणि साल्टिन यांनी १९६७ मध्ये स्नायूचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासला आणि दाखवून दिलं की हा साठा आहारानं वाढवता येतो आणि साठा जास्त तर दम जास्त. त्या काळी आधी साठा पूर्ण रिकामा करायचा आणि मग भरायचा अशी कठीण पद्धत होती. १९८१ मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रिकामा करण्याची गरज नाही. आज आम्ही शेवटचे दीड-दोन दिवस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला दहा ते बारा ग्रॅम कर्बोदकं देतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला किमान ६०० ग्रॅम. नुसत्या भातातून घ्यायचे तर पाऊण किलो तांदूळ! एवढा भात कुणी खात नाही. म्हणून पोहे, साबुदाण्याची खीर, जॅम लावलेला ब्रेड, गुळाची पोळी, सरबत, केळी असं दिवसभर थोडं थोडं. आणि हे चालू असताना मटकीची उसळ, कोशिंबीर, ज्वारीची भाकरी दोन दिवस बाजूला ठेवायची. एरवी हे पदार्थ उत्तमच, पण त्यांतला चोथा शर्यतीच्या दिवशी पोटात नको. साजूक तुपाचा हात आखडता घ्या, कारण तुपानं पोट भरतं आणि भात मागे राहतो. शुक्रवारी रात्री प्रेमानं केलेलं झणझणीत मटण किती जणांना रविवारी रस्त्याच्या कडेला बसवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

या दोन दिवसांत काटा किलो-दीड किलोनं वर जातो. घाबरू नका. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. हे वजन तुम्हाला हवंच आहे.

तरीही भरलेला साठा दिवसभर पुरत नाही. शर्यतीत दर तासाला साठ ग्रॅम साखर, आणि ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर नव्वद ग्रॅमपर्यंत आतडं ओढून घेऊ शकतं. पण सवय केली असेल तरच. एका जेलमध्ये साधारण पंचवीस ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात तेवढेच. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका शिक्षिकेनं सायकलच्या आडव्या दांड्यावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ०:२० घोट, ०:४० अर्धं जेल, १:०० उरलेलं जेल आणि पाणी, आणि असंच पुढे सहा तास. भूक लागली आहे का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नाही. पट्टी सांगेल ते केलं. भूक आणि तहान दोन्ही त्या दिवशी खोटं बोलतात, म्हणून ही चिकटपट्टी मला महागड्या चाकांपेक्षा मोलाची वाटते.

पाण्याचा हिशेबही आधीच करायचा. शर्यतीच्या वेळच्या उन्हात एक तास सायकल चालवा. आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. प्यालेलं पाणी धरा. दर तासाला किती घाम जातो ते कळतं. हे न करता ‘भरपूर पाणी पी’ असा सल्ला देणं धोक्याचं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाखाली गेलेलं सापडलं, आणि त्याचा संबंध होता पळताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी. शर्यतीत बोटं सुजली, अंगठी रुतायला लागली, डोकं दुखायला लागलं तर आणखी पाणी पिऊ नका.

सामानाबद्दल थोडक्यात. सायकल खोक्यात भरताना मागचा डिरेलर सोडवून कापडात गुंडाळा; प्रवासात तोच वाकतो. टायर फुगवायची गॅसची नळकांडी तिथे पोचल्यावर विकत घ्या. पोचल्यावर त्याच दिवशी सायकल जोडा आणि सगळे गिअर बदलून बघा, म्हणजे काही बिघडलं असेल तर दुकानं उघडी असताना कळेल. आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या जागेत, ठेवाल तेव्हा ऊन कडक असेल तर टायरमधली थोडी हवा सोडून या आणि पहाटे पंप मारा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम ओल्या हातांनी, घरच्या अंगणात, दहा वेळा करून बघा. सायकलची पिशवी आणि पळण्याची पिशवी भरताना वस्तू ज्या क्रमानं लागणार त्याच्या उलट क्रमानं आत टाका. आदल्या रात्री झोप लागत नाही. लागत नाहीच. परवाच्या रात्रीची झोप नीट घेतली असेल तर त्यानं फारसं बिघडत नाही.

पोहण्याबद्दल मला काळजी आहे आणि ती मी लपवणार नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडल्याच्या घटनांचा अभ्यास झाला. १३५ पैकी ९० पोहताना घडल्या. आपल्याकडे बरेच जण तलावात, म्हणजे पंचवीस मीटरच्या निळ्या टाकीत, तयार होतात आणि समुद्र पहिल्यांदा शर्यतीच्या आठवड्यात पाहतात. युरोपात थंड पाण्यात वेटसूट घालावा लागतो. तो छातीला आवळतो, आणि पहिल्यांदाच घातला तर श्वास अडकल्यासारखं होतं. पाणी गार, गर्दीचे हात-पाय, गॉगलमध्ये पाणी आणि छाती आवळलेली, हे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून वेटसूट घरून निघण्याआधी पाण्यात वापरलेला असलाच पाहिजे. शर्यतीच्या ठिकाणी पोचल्यावर त्याच वेळी, त्याच पाण्यात दोनदा उतरा. पहिली दहा मिनिटं कडेनं पोहायचं, हे आधीच ठरवा. दम लागला तर पाठीवर वळून हात वर करायचा, बचावनौका धरून श्वास घ्यायचा. नौकेच्या आधारानं पुढे सरकला नाहीत तर त्यानं कुणी बाद होत नाही. आणि चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल, तर तपासणी काही महिने आधी व्हायला हवी. पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारणं म्हणजे उशीर झाला, पण तरीही विचारा.

आता त्या कागदाकडे येतो जो मी प्रत्येकाकडून लिहून घेतो. अर्धं पान. पंक्चर झालं तर काय. उलटी झाली तर काय: दहा मिनिटं वेग कमी, फक्त पाण्याचे घोट, मग कोला. सायकलच्या पहिल्या साठ किलोमीटरात नाडी किती वर जाऊ द्यायची नाही. पळताना प्रत्येक पाण्याच्या टेबलावर चालायचं की नाही. आणि शेवटची ओळ: कुठे थांबायचं.

ही ओळ लिहायला सगळे टाळाटाळ करतात. १९८२ मध्ये ज्युली मॉस हवाईत अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली आणि रांगत दुसरी आली. ते दृश्य जगभर प्रेरणा म्हणून दाखवलं जातं. तिच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण माझ्या मुलांना मी त्यात संपलेलं इंधन दाखवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच हवाईत, कोनाच्या उन्हात, आघाडीवर असलेली टेलर निब शेवटच्या काही किलोमीटरवर रस्त्यावर बसली आणि शर्यत सोडली. २०२३ ची विजेती ल्यूसी चार्ल्स-बार्कले त्याआधीच थांबली होती. नॉर्वेची सोलवेग लोवसेथ जिंकली. जगातल्या सर्वोत्तम दोघी थांबल्या, तेव्हा आपल्यातल्या कुणी थांबण्यात कमीपणा नाही.

म्हणून त्या ओळीत नेमकं लिहायचं: पाण्यात छातीत दुखलं तर. उन्हात थंडी वाजून काटा आला तर. बोलताना शब्द अडखळले, तोल जायला लागला, आपण कितव्या फेरीत आहोत ते आठवेना तर. शेवटची लक्षणं स्वतःला कळत नाहीत, म्हणून कागदाची एक प्रत घरच्या माणसाकडे असते. तो माणूस टाळ्या वाजवायला उभा असतोच, पण दर फेरीला त्यानं नाव, गाव आणि फेरीचा आकडा विचारायचा. उत्तर भलतंच आलं तर क्रमांकाचा बिब काढायला लावायचा आणि वैद्यकीय तंबूकडे न्यायचं. तिथल्या डॉक्टरांना सकाळचं वजन, चालू असलेली औषधं आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते सांगायचं. हेही त्याच कागदावर मागच्या बाजूला लिहिलेलं असावं.

या हंगामात गोव्याला किंवा बाहेर जाणारे इथे बरेच दिसतात. कागदाच्या कोऱ्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एक स्वतःसाठी घ्या आणि एक ज्याच्या हाती देणार त्याच्यासाठी. आता प्रश्न घेऊ, पोहण्याबद्दलचे आधी.