शिंशपेच्या झाडाकडे परतणारा राजा

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'महानायक, मांत्रिक आणि आपली मुले' असा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. जादूगारांवर अधिकारवाणीने बोलावे असे माझ्याजवळ काय आहे? पण नकार कळवण्यापूर्वी एक प्रसंग घडला आणि मी होकार दिला.

माझा भाचा आठवीत आहे. एका रविवारी मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. पानावर बसता बसता त्याने मला विचारले, "मामा, जिंकण्याचा रस्ता एकच असेल आणि तो आधीच ठरलेला असेल, तर लढणाऱ्याचा पराक्रम कसला?" मी चमकलो. पोराने गीता वाचायला घेतली की काय, अशी शंका आली. चौकशी केली तेव्हा कळले, की हा प्रश्न त्याला डॉक्टर स्ट्रेंज या अमेरिकन महानायकाने घातला होता.

ज्या पालकांना हे नाव परके आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टीव्ह डिटको आणि स्टॅन ली या जोडीने १९६३ साली मार्व्हलच्या चित्रकथेत हे पात्र आणले. २०१६ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. स्टीफन स्ट्रेंज हा निष्णात शल्यविशारद आहे, आणि तितकाच अहंकारी. मोटार अपघातात त्याचे दोन्ही हात निकामी होतात. सारे उपचार थकल्यावर तो हिमालयाच्या आश्रयाला येतो. मूळ चित्रकथेत तिबेटात, चित्रपटात काठमांडूला. तेथे एका गुरूकडे तो मंत्रविद्या शिकतो. हात बरे करून घेण्यासाठी आलेला हा माणूस अखेर हात तसेच थरथरते ठेवतो आणि मिळालेली विद्या जगाच्या रक्षणासाठी वापरतो. त्याच विद्येच्या बळावर पुन्हा चालू लागलेला आणि त्यावर समाधान मानून घरी परतलेला एक माणूस त्याने पाहिलेला असतो. तो मार्ग त्यालाही खुला होता. त्याने दुसरा निवडला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. २०१८ सालच्या 'इन्फिनिटी वॉर' या चित्रपटात स्ट्रेंज काळाच्या मण्याच्या साहाय्याने पुढे घडू शकणारी १ कोटी ४० लाख ६०५ भविष्ये पाहून येतो. त्यांतल्या एकाच भविष्यात विजय असतो. तो विजय कसा मिळणार हे तो सहकाऱ्याला सांगत नाही. सांगितले तर तसे घडणारच नाही, असे त्याचे म्हणणे. २०१९ सालच्या पुढच्या चित्रपटात त्या विजयाची किंमत कळते. टोनी स्टार्क या सहकाऱ्याला त्यासाठी प्राण द्यावे लागतात. निर्णायक क्षणी स्ट्रेंज केवळ एक बोट वर करतो, आणि स्टार्क समजायचे ते समजतो.

हे ऐकताना मला एक जुना राजा आठवू लागला. आपणांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना तो नक्की आठवेल. आमच्या लहानपणी घरी 'चांदोबा' यायचा. त्यात चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला एक राजा उपसलेली तलवार हाती आणि प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालत असे. पुढे १९८५ साली रामानंद सागरांच्या मालिकेने तोच राजा दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचवला. विक्रम आणि वेताळ! डोळे मिटून, उशी डोक्यावर घेऊन पाहिलेली ती मालिका. आपण हसता आहात, म्हणजे आपणही तशीच पाहिली असणार.

ही कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी त्याने तो ग्रंथ रचला. काश्मीरच्या या कवीने राजा मात्र आपल्या गोदातीरावरचा निवडला. त्याच्या कथेतला त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा आहे.

क्षांतिशील नावाचा एक भिक्षू या राजाच्या दरबारात रोज येतो आणि एक फळ देऊन जातो. एक दिवस नव्हे, दहा वर्षे! राजा ते फळ न पाहता कोषाध्यक्षाच्या हाती देतो. एके दिवशी दरबारात शिरलेले माकड ते फळ फोडते आणि आतून अमूल्य रत्न निघते. कोठारात शोध घेतात, तर फळे कुजून गेलेली आणि रत्नांची रास साठलेली. उपकाराने बांधला गेलेला राजा विचारतो, "आपणांस काय हवे?" भिक्षूची मागणी एवढीच, की कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यावे आणि शिंशपेच्या झाडावर लटकलेले प्रेत आणून द्यावे. क्षांतिशील! क्षमा हे ज्याचे शील, तो. नाव केवढे सात्त्विक, आणि मनात काय, तर राजाचाच बळी देऊन विद्याधरांचे चक्रवर्तिपद मिळवायचे.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. प्रेतात वेताळ आहे. वाटेत तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. राजा बोलला तर वेताळ झाडावर परत जाणार. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. राजा प्रत्येक वेळी उत्तर देतो, वेताळ निसटतो, आणि राजा पुन्हा त्या झाडाकडे वळतो. तेवीस प्रश्न होतात. चोविसाव्याचे उत्तर राजाला खरोखरच सापडत नाही आणि तो निमूटपणे चालत राहतो. त्या धैर्यावर प्रसन्न होऊन वेताळ भिक्षूचा कट उघड करतो. भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तेव्हा मी राजा आहे, मला नमस्काराची रीत ठाऊक नाही, आधी आपण दाखवा, असे म्हण. राजा तसेच करतो. भिक्षू जमिनीवर पालथा होतो, आणि दुसऱ्याच्या बळीसाठी रचलेला बेत त्याच्याच मानेवर उलटतो.

माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगितल्यावर तो एकदम म्हणाला, "मामा, हे तर डोर्मामूसारखे!" २०१६ च्या त्या चित्रपटाच्या शेवटी डोर्मामू नावाची प्रचंड काळोखी शक्ती पृथ्वी गिळायला येते. बळाने तिचा पराभव अशक्य. स्ट्रेंज काळाची गाठ मारून स्वतःला तिच्यासह एकाच क्षणात अडकवतो. ती त्याला मारते, क्षण पुन्हा सुरू होतो, तो पुन्हा समोर उभा. कितीदा मरतो याची मोजदाद नाही. अखेर ती शक्तीच कंटाळते आणि त्याची अट मान्य करते. चित्रपटकारांनी सोमदेव वाचला होता, असे मी सुचवत नाही. ओढूनताणून नाते जोडण्याची आवश्यकताही नाही. माणसाच्या मनाला पराक्रमाचे एक रूप दोन्ही ठिकाणी सुचले, एवढेच खरे. पुन्हा पुन्हा हरत असताना न वैतागता त्याच झाडाकडे परत जाणे, हे ते रूप. दोन्ही कथांत अद्भुत शक्ती पुष्कळ आहेत. निकाल लागतो तो चिकाटीने.

दुसरी गोष्ट विद्येची. वेताळाच्याच एका कथेत चार भाऊ आहेत. वनात त्यांना हाडे सापडतात. प्रत्येक जण आपापल्या विद्येने त्यांवर मांस, त्वचा, अवयव चढवतो. चौथा प्राण फुंकतो. उठतो तो सिंह, आणि चौघांनाही फाडून खातो. वेताळ विचारतो, दोष कोणाचा? राजा सांगतो, चौथ्याचा. पहिल्या तिघांना कोणता प्राणी घडतो आहे हे ठाऊक नव्हते. चौथ्याला समोर सिंह दिसत होता. दिसत असूनही ज्याने विद्या दाखवण्याच्या मोहापायी हात आवरला नाही, तो अपराधी. अणुशक्तीपासून हातातल्या मोबाईलपर्यंत हा निवाडा कोठे कोठे लागू पडतो, हे आपण घरी जाऊन मुलांबरोबर मोजून पाहावे.

आपल्या परंपरेने सिद्धीला कधी शेवटचा मान दिला नाही. पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धींचे वर्णन केले आणि त्याच पादात त्या समाधीच्या मार्गातल्या अडचणी आहेत, हेही बजावले. आपल्याकडच्या आख्यायिकेतले चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून येणारे. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचेना आणि कोरा कागद पाठवावा लागला. त्याला आलेले उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. वाघ वश झाला होता, अहंकार तेवढा राहिला होता. कोकणात, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला, वेतोबाच्या चरणी भाविक मोठ्या चपला अर्पण करतात. देव रात्रभर गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि चपला झिजतात, ही त्यामागची श्रद्धा. चमत्कारापेक्षा झिजलेल्या चपलेला पूजणारा हा समाज आहे.

आणि आता नियती. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला गीतेच्या अठराव्या अध्यायातून दिले. कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे तेथे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचांतले एक आहे आणि क्रमाने शेवटचे आहे. मी त्याला म्हणालो, "स्ट्रेंजने ते एकमेव भविष्य पाहिले, त्या भविष्यात स्टार्कने प्राण देण्याचा निर्णय घेतलेला होता. तो निर्णय वगळ आणि सांग, काय उरते?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ठरलेले होते, पण करायचे त्यालाच होते." याहून चांगले मलाही सांगता आले नसते.

मित्रहो, येथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण या गोष्टीतला एक काटा माझ्या मनात अनेक वर्षे रुतलेला आहे आणि तो आज आपणांसमोर काढतो.

माझे एक आतेभाऊ होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले. त्याच सुमारास घरी एका मांत्रिकाचे येणे-जाणे सुरू झाले. भारदस्त बोलणे, कपाळी भस्म, दक्षिणेला हात लावणार नाही असा आव. घरच्यांची श्रद्धा बसली. गाठ म्हणजे कोणी केलेली करणी आहे, चाळीस दिवसांचे अनुष्ठान करू, तोवर शस्त्र लावू नका, असे त्याने सांगितले. चाळिसाचे ऐंशी झाले. मी तेव्हा पत्रकार होतो. असल्या भोंदूंच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या होत्या. ओसरीवर बसून मी हे सारे पाहत होतो आणि मोठ्यांच्या घरात आपण कसे बोलावे, म्हणून चहा पिऊन परत येत होतो. दादा रुग्णालयात पोहोचले तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे उरले नव्हते. वेळेवर गेले असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. त्यांना मिळायला हवी होती ती संधी मिळाली नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे. अंत्यविधीनंतर आत्याबाई मला म्हणाल्या, "तुला कळत होते ना रे? मग बोलला का नाहीस?"

वेताळाच्या अटीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर मस्तकाची शकले होतील. लहानपणी ही भीती दाखवणारी गंमत वाटे. बोलले तर हातचे काम निसटते, संबंध बिघडतात, घडलेले सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. तरीही राजा तेवीस वेळा बोलला. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला खरोखर ठाऊक नव्हते, तेथेच तो गप्प राहिला. मी नेमके उलटे केले. महाराष्ट्रात २०१३ साली अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला. तो क्षांतिशीलाला शिक्षा करू शकतो. ओसरीवर गप्प बसलेल्या भावासाठी कोणताही कायदा नाही. त्याला वेताळच हवा.

म्हणून पालकांनो, मुले परदेशी जादूगारांचे चित्रपट पाहतात याची चिंता वाहू नका. आमच्या पिढीनेही इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचे मँड्रेक आणि फँटम वाचले, आणि त्या फँटमला आपल्याकडे वेताळ हेच नाव मिळाले होते. चिंता एका गोष्टीची करावी: मुलाने प्रश्न विचारला तेव्हा त्याच्याजवळ कोणी बसलेले होते का? त्याला महानायकाच्या हातातली ठिणगी दिसते. त्याचे थरथरते हात आपण दाखवायचे. फळ गोड दिसते. ते देणाऱ्याकडे नीट पाहायला आपण शिकवायचे.

जाता जाता त्या राजाची अखेरची गोष्ट. भिक्षूचा अंत झाल्यावर वेताळ राजाला वर मागायला सांगतो. राज्य, धन, आयुष्य, काहीही मागता आले असते. गोदातीरावरच्या या राजाने मागितले ते असे, की वेताळाने सांगितलेल्या चोवीस कथा आणि त्यांच्या समाप्तीची ही पंचविसावी कथा पृथ्वीवर प्रसिद्ध व्हावी, लोकांनी तिचा आदर करावा. तो वर खरा ठरला आहे. पण तोही आपोआप खरा होत नाही. दर पिढीत कोणीतरी दिवा मालवण्यापूर्वी मुलाजवळ बसून ती सांगावी लागते. आज रात्री घरी गेल्यावर आपण तेवढे करावे, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो.