ताडपत्री बांधली, पण गाडी गेली कुठं?

दिवाळीत घरी, लोहाऱ्याला आलो होतो. मित्राच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याजवळचा कॉम्प्युटर अडकत होता, म्हणून बघायला गेलो. वायरशार्क लावलं, तर शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, बँक खात्याचा नंबर, सगळं सरळ वाचता येत होतं! हे सगळं इंटरनेटवरून पुण्यातल्या पोस्टग्रेस सर्व्हरकडे असंच उघडं जात होतं.

मित्र म्हणाला, "अबे, पासवर्ड हाय ना पण!"

आहे. स्क्रॅम पद्धतीत तो उघडा जातही नाही. पण पासवर्ड फक्त दारापुरता. आत गेल्यावरचं बोलणं तो झाकत नाही.

घोळ कुठं होता? पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू क्लायंटला 'एसएसएलमोड' सांगितला नाही, तर तो 'प्रिफर' धरतो. म्हणजे सर्व्हरला एन्क्रिप्शन येत असेल तर ठीक, नाहीतर उघड्यावर बोलू. तक्रारही करत नाही बिचारा. आणि आमच्या सर्व्हरवर एसएसएल बंदच होतं.

ते चालू केलं, क्लायंटला 'रिक्वायर' लिहिलं. वायरशार्कमध्ये आता नुसता कचरा. मित्र खूश. मी नाही. कारण रूट सर्टिफिकेट दिलेलं नसेल, तर 'रिक्वायर' समोरचा कोण हे तपासतच नाही. कापसाच्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधली, पण गाडी दुसऱ्याच्याच जिनिंगमध्ये रिकामी झाली तर? मधे कोणी खोटा सर्व्हर उभा केला, तर आपण त्यालाच छान एन्क्रिप्ट करून खाते नंबर देऊ.

म्हणून 'व्हेरिफाय-फुल'. स्वतःचं रूट सर्टिफिकेट बनवलं, त्यानं सर्व्हरचं सही केलं, रूटची फाइल क्लायंटवर ठेवली. लगेच कनेक्शन बंद! सेटिंगमध्ये आयपी होता आणि सर्टिफिकेटवर नाव. अर्धा तास त्यात गेला. चहा दोनदा झाला.

सर्व्हरकडेही एक काम राहतं. पीजी-एचबीए फाइलमध्ये 'होस्ट' लिहिलेली ओळ साधं कनेक्शनही घेते. बाहेरून येणाऱ्यांसाठी तिथं 'होस्टएसएसएल' करा, आणि जुनी 'होस्ट' ओळ खाली विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

'पीजी-स्टॅट-एसएसएल' बघून कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे एवढं कळतं. क्लायंटनं ओळख तपासली की नाही, ते सर्व्हरला दिसत नाही. म्हणून शेवटी होस्ट्स फाइलमध्ये त्याच आयपीला भलतंच नाव दिलं आणि त्या नावानं जोडून पाहिलं.

एरर आला. मग कुठं मी घरी जेवायला गेलो.