प्लेज म्हणजे शपथ की गहाण?

मागच्या भागात ‘कमिट’ झालं. त्यावर तलासरीच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला, “दादा, मग प्लेज म्हणजे काय? शाळेत हात पुढे करून म्हणायचो ते, की सोनं ठेवतात ते?”

दोन्ही! आणि यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. बहिणीच्या फीसाठी आईची सोन्याची माळ घेऊन आम्ही डहाणूला गेलो होतो. फॉर्मवर ‘प्लेज’ लिहिलेलं. आईने विचारलं, मी ऐटीत सांगितलं, “शपथ घ्यायची.” काउंटरवरचा माणूस हसला. आई नाही हसली. म्हणाली, “गहाण म्हण ना सरळ.”

तर खूण अशी. प्लेजनंतर ‘टू’ आणि क्रियापद आलं, की वचन: ‘आय प्लेज टू हेल्प’. प्लेजनंतर सोनं, शेअर अशी वस्तू आली, की बहुतेक वेळा गहाण. पैशांची रक्कम आली, तर देणगीचा शब्द दिलाय, पैसे अजून यायचेत! १८७२च्या करार कायद्यातही प्लेज आहे. त्यात वस्तू देणेकऱ्याच्या हातून जाते. बाईकचं कर्ज तसं नसतं, बाईक आपणच फिरवतो. त्याला हायपोथिकेशन म्हणतात. जमिनीचं ते मॉर्गेज. मराठीत आपण सगळ्याला गहाणच म्हणतो.

पण ज्याच्याकडे सोनंही नाही, जमीनही नाही, त्याने काय ठेवायचं? आपल्या भागात त्याचं उत्तर होतं लग्नगडी. वारली पोरगा लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि फेड म्हणून नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटायचंच नाही. माणूसच गहाण.

मग २३ मे १९४५. आत्ताच्या तलासरी तालुक्यातलं झरी गाव. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि ठरवलं, जमीनदाराकडे वेठ करायची नाही. म्हणजे प्लेजचा दुसरा अर्थ! गहाण पडलेल्या माणसांनीच शब्द दिला, तोही एकमेकांना. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली, तरी लोक मागे हटले नाहीत. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मिळालं तर वाचाच. वेठबिगारीवर देशभर बंदीचा कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं.

आणि हो, माळ अजून सुटलेली नाही. पण बहिणीला आईने बजावलंय, “नापास झालीस तर बघ.” आता यातलं प्लेज कोणतं, ते मला मेसेज करून कळवा.