लघवी लाल झाली तेव्हा



इस्पितळातला अनुभव सांगा, अशी चिटणीसबाईंनी गळ घातली. विषय लघवीचा आहे, तेव्हा संकोच बाजूला ठेवून बोलते.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाला थॅलॅसेमिया. नवव्या वर्षी त्याला बहिणीची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, चढवला. खोलीत एकीलाच राहू देत. जाऊ आणि मी पाळीपाळीने राहत होतो. आधी जुना मगज घालवायला जालीम औषधे देतात. त्यांतल्या सायक्लोफॉस्फामाइडचा अंश लघवीतून उतरताना मूत्राशयाचे अस्तर सोलून काढतो. म्हणून सलाईन भरपूर लावतात, मेस्ना नावाचे औषधही देतात. ते दिवस सुखरूप गेले.

महिन्याने एका रात्री चादरीवर गुलाबी डाग दिसला. पोराने दोनदा मापाच्या भांड्यात न करता संडासात करून वर पाणी ओतले होते. “काकू, नको ना सांगूस. घरी सोडणार नाहीत मग.” आणि मी, एवढी मोठी बाई, गप्प बसले! नर्सबाईंना सांगावे तर जाऊला निरोप जाणार. ती कितीएक रात्रींनी झोपली होती.

पहाटे रक्ताच्या गुठळ्यांनी वाट बंद झाली. पोर असे ओरडले की ते अजून माझ्या कानांत आहे.

डॉक्टरांनी सांगितले, हा बीके विषाणू. 1971 साली लंडनला एका रोग्याच्या लघवीत प्रथम सापडला. त्याच्याच नावाची ही आद्याक्षरे. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात निजून असतो. अंगची प्रतिकारशक्ती गेली की उठतो.

पिचकारीने गुठळ्या काढल्या. मग तीन तोंडांची नळी घातली: एका वाटेने सलाईन आत, दुसरीने बाहेर, तिसरीने आतला फुगा फुगवून नळी जागेवर राहते. रक्त थांबावे म्हणून प्लेटलेट चढवल्या. दुखण्याची गोळी मनाने द्यायची नाही, काही गोळ्यांनी रक्त अधिकच वाहते. विषाणूवर सिडोफोव्हिर आहे, पण ते मूत्रपिंडाला बाधते; आमच्या पोराला सुदैवाने द्यावे लागले नाही.

सलाईन किती आत गेले, किती बाहेर आले, हे नर्सबाई लिहीत. मला दुधाच्या हिशेबाची सवय, मीही वही घातली. बाहेर कमी आले की गुठळी अडकली म्हणून हाक मारायची. डॉक्टर एवढेच म्हणाले होते, “बाई, रात्रीच सांगायचे होते.”

अठराव्या दिवशी पोराने स्वच्छ पिवळी लघवी भांड्यात केली आणि माप स्वतः वाचले. त्या दिवशी मी जाऊला चादरीची गोष्ट सांगितली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा ठेवून म्हणाली, “वहिनी, आज रात्री तुम्हीच थांबा.”