तक्रार दडपणे ही शिस्त नव्हे



चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तरीही त्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाला सत्याग्रह करावा लागला. ठराव निराळा आणि तो अमलात आणण्याची कारभाऱ्यांची हिंमत निराळी, हे महाडकरांना सांगण्याची गरज नाही.

मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याचेही तेच होत आहे. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील कितीतरी आईबाप पोटासाठी मुंबई गाठतात. मुले मागे नातलगांकडे वा वसतिगृहांत राहतात. एखादे मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, तर ते प्रथम स्वयंपाकिणीच्या वा मानधनावरील शिक्षिकेच्या ध्यानी येते. ‘अमक्यांचे वर्तन ठीक नाही’ हे सांगण्यासाठी ती प्रमुखांपुढे उभी राहते, तेव्हा तिची रोजीरोटी पणाला लागलेली असते. ‘संस्थेचे नाव जाईल’ हे उत्तर मिळाले, की ती पुन्हा तोंड उघडत नाही. मुलाचा एकुलता आधार तुटतो.

2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 ने अशी खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले व सद्भावनेने खबर देणाऱ्यास संरक्षण दिले. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 नुसार एक वर्षापर्यंत कैद आहे. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या चिमुरड्यांच्या प्रकरणात शाळेने पोलिसांना कळविले नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाला ताशेरे ओढावे लागले.

तक्रार खोटी निघाली तर? हा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु खरेखोटे ठरविणे हे प्रमुखाचे कामच नव्हे. त्याने शांतपणे ऐकावे, तारखेनिशी लिहून घ्यावे, मुलाची उलटतपासणी करू नये आणि विनाविलंब पोलिसांना कळवावे. संशयिताला मुलांपासून दूर ठेवावे. दुसऱ्या शाळेत बदली करून संकट तिकडच्या मुलांवर ढकलू नये. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीस धक्का लागू देऊ नये.

आणि संस्था आपल्याच विचारांच्या मंडळींची असली, तर कार्यकर्त्यांची जबाबदारी दुप्पट होते. तेथे मध्यस्थी करून प्रकरण मिटविणारा कार्यकर्ता संस्थेचा मित्र नव्हे. त्या स्वयंपाकिणीबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढणे, हेच त्याचे काम आहे.